अब्राम झोपलेला असताना झालेला करार

बायबलमधील करार समजून घ्यायचा असेल, तर आमच्या शास्त्राभ्यासाच्या वर्गात मी सर्वांना आधी उत्पत्तीचा पंधरावा अध्याय उघडायला सांगते. नोहाशी झालेला करार त्याच्या आधी येतो, सीनाय पर्वतावरचा करार त्याहून कितीतरी विस्ताराने सांगितलेला आहे, आणि ख्रिस्ती माणसाला अधिक जवळचा वाटतो तो अर्थातच नवा करार. तरीही करार कोण करतो, कोणाशी करतो आणि त्याचा भार कोणाच्या खांद्यावर पडतो, हे या एका अध्यायात जितके उघड दिसते तितके इतरत्र क्वचितच दिसते.

अब्राम वृद्ध झाला आहे आणि त्याला मूलबाळ नाही. देव त्याला रात्री बाहेर नेतो, आकाशातले तारे दाखवतो आणि तुझी संतती अशीच होईल असे सांगतो. अब्राम विश्वास ठेवतो, आणि तो विश्वास त्याच्या लेखी नीतिमत्त्व म्हणून गणला जातो. पण त्यानंतर देशाचे वचन मिळताच तोच विश्वासू माणूस विचारतो, हा देश माझा होईल हे मला कशावरून कळावे? देव या प्रश्नावर रागावत नाही. तीन वर्षांची कालवड, तीन वर्षांची शेळी, तीन वर्षांचा मेंढा, एक होला आणि पारव्याचे एक पिल्लू घेऊन ये, एवढेच तो सांगतो. अब्राम जनावरे मधोमध चिरतो आणि त्यांची शकले समोरासमोर मांडतो. पक्षी मात्र तो चिरत नाही. मग मांसाच्या वासाने हिंस्र पक्षी खाली झेपावू लागतात आणि हा म्हातारा त्यांना हाकलत राहतो. या अध्यायावरच्या उपदेशांत हे वाक्य बहुतेक वेळा गाळले जाते, पण मला ते फार मोलाचे वाटते, कारण करारात अब्रामाच्या हातून जे काही घडते ते एवढेच आहे: सांगितलेली तयारी करणे आणि देव येईपर्यंत राखण करणे. सूर्य मावळू लागल्यावर तेही त्याच्या हातून निसटते. त्याला गाढ झोप लागते, भयाण काळोख त्याला वेढतो, त्याच्या वंशजांना परक्या देशात चारशे वर्षे गुलामगिरी सोसावी लागेल हे त्याला त्या झोपेतच ऐकवले जाते, आणि मग अंधार पडल्यावर एक धुमसती भट्टी आणि एक जळती मशाल त्या शकलांच्या मधून निघून जाते.

अशा विधीचा अर्थ त्या काळच्या माणसाला समजावून सांगावा लागत नसे. सीरियातील सेफिरे येथे सापडलेल्या, इ. स. पूर्व आठव्या शतकातील अरामी भाषेतल्या तहाच्या शिलालेखात, हे वासरू जसे चिरले जात आहे तसेच तह मोडल्यास राजा मतीएल आणि त्याचे सरदार चिरले जावोत, अशा अर्थाची शपथ कोरलेली आहे. शकलांच्या मधून चालणारा माणूस, मी शब्द मोडला तर माझीही हीच गत होवो, असे आपल्या पावलांनी म्हणत असे, आणि बहुधा ही शपथ दुबळ्या पक्षाकडून वदवून घेतली जाई, कारण बलवान पक्षाला हमी देण्याची गरजच नसे. उत्पत्तीत मात्र दुबळा पक्ष झोपलेला आहे. ती भट्टी आणि ती मशाल म्हणजे देवाच्या उपस्थितीची खूण; चालत जातो तो देव, आणि एकटाच चालत जातो.

पुढच्याच अध्यायात अब्राम आणि त्याची पत्नी साराय धीर सोडतात, वचन आपल्याच युक्तीने पूर्ण करू पाहतात, आणि त्याची किंमत हागार नावाच्या मिसरी दासीला मोजावी लागते. हागारेच्या पोटी अब्रामाचा मुलगा इश्माएल जन्मला तेव्हा अब्राम शहाऐंशी वर्षांचा होता. सुंतेची खूण आणि अब्राहाम हे नाव त्याला मिळाले ते नव्व्याण्णवाव्या वर्षी. म्हणजे करार आधी झाला, चूक नंतर झाली आणि कराराची खूण त्याच्याही नंतर आली. देवाने शब्द मागे घेतला नाही. इतकेच नव्हे, तर रानात पळून गेलेल्या हागारेलाही त्याने शोधून काढले. प्रेषित पौल गलतीकरांना लिहिताना याच क्रमावर बोट ठेवतो: चारशे तीस वर्षांनंतर आलेले नियमशास्त्र आधी स्थापित झालेला करार रद्द करू शकत नाही.

यावर वर्गात हमखास एक आक्षेप येतो, आणि तो रास्त आहे. सीनायवरचा करार तर अटींनी भरलेला आहे. तिथे आज्ञा आहेत, आशीर्वाद आहेत, अंगावर काटा आणणारे शापही आहेत. मग तिथे भार माणसावर पडला नाही का? याचे उत्तर शोधताना मला पुरातत्त्वाचा मोठा उपयोग झाला. आजच्या तुर्कस्तानात बोगाझकोय येथे, म्हणजे हित्ती साम्राज्याच्या हत्तुशा या राजधानीत, १९०६ पासून झालेल्या उत्खननांत मातीच्या हजारो पाट्या मिळाल्या, आणि त्यांत हित्ती सम्राटांनी मांडलिक राजांशी केलेले तहही होते. सीनायच्या कराराची बांधणी या तहांशी कशी जुळते, हे अमेरिकन अभ्यासक जॉर्ज मेंडेनहॉल यांनी १९५४ मध्ये मांडले. या तहांची सुरुवात सम्राटाच्या नावाने होते, मग त्याने मांडलिकासाठी पूर्वी काय काय केले याची कथा येते, आणि त्यानंतरच अटी. त्यांच्यामागून तहाची प्रत देवळात ठेवण्याची आणि ती ठरावीक काळाने वाचून दाखवण्याची तरतूद, साक्षीदार, आशीर्वाद आणि शाप यांचा क्रम लागतो. हे मत सर्व अभ्यासक सारख्याच प्रमाणात स्वीकारत नाहीत आणि बायबलमधील अनुवाद या पुस्तकाचे साम्य अश्शूरी तहांशी अधिक आहे असेही अनेकांचे म्हणणे आहे. पण एवढे निश्चित, की दहा आज्ञा वाचायच्या त्या त्यांच्या आधीच्या वाक्यासकट वाचायच्या. ज्याने तुला मिसर देशातून, दास्यगृहातून बाहेर आणले तो मी परमेश्वर तुझा देव आहे, हे वाक्य आधी येते आणि मग पहिली आज्ञा. आज्ञा पाळल्या म्हणून इस्राएल सुटला नाही. सुटका झाल्यावर, समुद्र ओलांडल्यावर, रानात देवाने दिलेला मान्ना खाल्ल्यावर त्याला आज्ञा मिळाल्या. आमच्या लहानपणी संडे स्कूलमध्ये आज्ञा तोंडपाठ करून घेतल्या जात त्या थेट पहिलीपासून, आणि त्यामुळे पुष्कळांच्या मनात देवाची प्रतिमा आधी नियम लावणारा आणि मग खूश झाला तर कृपा करणारा अशीच घडली आहे. ते एक वाक्य मुलांना आज्ञांच्या आधी शिकवावे, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे.

त्या आज्ञांचा रोखही पाहावा. अनुवादाच्या पाचव्या अध्यायात शब्बाथाची, म्हणजे सातव्या दिवसाच्या विसाव्याची, आज्ञा आहे. तिथे दास, दासी, बैल, गाढव आणि वेशीच्या आतला परका या सर्वांना विसावा मिळावा असे सांगितले आहे, आणि कारण दिले आहे ते हे की तूही मिसरात दास होतास. देवाने बलवान असून दुबळ्याचा भार उचलला, म्हणून त्याच्या करारातल्या माणसानेही आपल्याहून दुबळ्याचा भार उचलावा. संपूर्ण नियमशास्त्रात हा धागा सतत हाताला लागतो.

तो धागा तुटला की काय होते, हे यिर्मया संदेष्ट्याच्या पुस्तकाच्या चौतिसाव्या अध्यायात पाहायला मिळते. उत्पत्ती पंधराची ही काळी बाजू आहे. बाबेलच्या सैन्याने यरुशलेमेला वेढा घातला आहे. राजा सिद्कीया लोकांशी करार करतो की प्रत्येकाने आपल्या इब्री दासदासींना मुक्त करावे. खरे तर हे नवीन काहीच नव्हते. सातव्या वर्षी इब्री दासाला सोडावे, आणि सोडताना रिकाम्या हाताने पाठवू नये, असे नियमशास्त्रातच होते आणि पिढ्यानपिढ्या ते कोणी पाळले नव्हते. आता शत्रू वेशीशी आल्यावर सरदार, याजक, राजदरबारी, सगळेच तयार झाले. मंदिरात, देवासमोर, वासरू चिरले गेले आणि ही सर्व बडी मंडळी त्याच्या शकलांच्या मधून चालत गेली. दास सुटले. मग फारोचे सैन्य मिसरातून निघाल्याची बातमी आली, बाबेलच्या सैन्याने वेढा उठवला, आणि धोका टळला असे वाटताच त्या सुटलेल्या माणसांना पकडून पुन्हा दास करण्यात आले. यिर्मयाने त्यांना दिलेला निरोप भीषण आहे. तुम्ही आपल्या बांधवांना मुक्तता दिली नाहीत, म्हणून मीच तुमच्यासाठी मुक्तता जाहीर करतो, तलवार, मरी आणि दुष्काळ यांच्या हवाली होण्याची; आणि ज्यांनी वासरू चिरून त्याच्या मधून गमन केले, त्यांची प्रेते आकाशातल्या पाखरांचे भक्ष्य होतील. अब्राम ज्या पाखरांना हाकलत होता, त्यांनाच इथे मोकळे रान मिळते.

अब्रामाच्या वेळी देव चालला आणि त्याने शब्द पाळला. यरुशलेमेत माणसे चालली आणि काही महिन्यांतच त्यांनी शब्द फिरवला, तोही ज्यांना दाद मागायला कोणी नव्हते अशा माणसांविषयीचा. इ. स. पूर्व ५८७ च्या सुमारास नगर पडले आणि मंदिर जळाले.

याच संदेष्ट्याच्या पुस्तकात, तीनच अध्याय आधी, नव्या कराराचे वचन आहे. जुन्या करारात ‘नवा करार’ हे शब्द केवळ याच ठिकाणी येतात. मी आपले नियमशास्त्र त्यांच्या अंतर्यामी ठेवीन, ते त्यांच्या हृदयपटावर लिहीन, मी त्यांचा देव होईन व ते माझे लोक होतील, आणि त्यांच्या पापाचे स्मरण मी करणार नाही: या वचनातली क्रियापदे पाहिली तर लिहिणारा, ठेवणारा, क्षमा करणारा सर्वत्र देवच आहे. इब्री लोकांस पत्राच्या आठव्या अध्यायात हा उतारा जवळजवळ पूर्ण उद्धृत केला आहे. इथे एक गोष्ट मला स्पष्ट नोंदवावीशी वाटते. हे वचन इस्राएलाच्या आणि यहूदाच्या घराण्याला दिलेले आहे, आणि आपण परराष्ट्रीय त्यात ख्रिस्ताद्वारे सामील झालो आहोत. रोमकरांस पत्राच्या अकराव्या अध्यायात पौल आपल्याला रानटी जैतुनाच्या कलम केलेल्या फांद्या म्हणतो आणि मुळापुढे फुशारकी मारू नका असे बजावतो. देवाने यहूद्यांना टाकून आपल्याला घेतले, असे वाक्य व्यासपीठावरून ऐकले की मला वाईट वाटते. जो देव अब्रामाशी केलेला करार मोडू शकतो, त्याने आपल्याशी केलेल्या करारावर तरी कोणत्या आधाराने विसंबायचे?

मग वल्हांडणाच्या रात्री, माडीवरच्या खोलीत, येशू प्याला हाती घेऊन म्हणतो, “हा प्याला माझ्या रक्तात नवा करार आहे.” सीनायच्या पायथ्याशी मोशेने अर्धे रक्त वेदीवर आणि अर्धे लोकांवर शिंपडले होते, आणि त्यानंतर वडीलजनांनी देवाच्या सान्निध्यात अन्नपान केले होते, ते सारे या एका वाक्यात एकवटले आहे. पण लूकने पुढे काय लिहिले आहे तेही सोडू नये. प्याल्याच्या लगेच पुढच्या वचनात येशू सांगतो की मला धरून देणाऱ्याचा हात माझ्याबरोबर मेजावर आहे. त्यानंतर शिष्यांत वाद सुरू होतो की आपल्यात मोठा कोण. त्यानंतर पेत्राला, तू मला नाकारशील, हे सांगितले जाते. नव्या करारातली मानवी बाजू अशी आहे: एक विकणारा, एक नाकारणारा आणि उरलेले मानपानासाठी भांडणारे, थोड्याच वेळाने बागेत येशूबरोबर असलेले शिष्य झोपीही जातात. त्या भांडणाला येशूचे उत्तर असे, की मी तुमच्यामध्ये सेवा करणाऱ्यासारखा आहे. दुसऱ्या दिवशी, मोडलेल्या कराराचे जे परिणाम करार मोडणाऱ्यांवर यायचे, ते त्याने स्वतःच्या देहावर घेतले. शकलांच्या मधून जो चालला होता तोच इथे चिरला गेला, असे मी मानते, आणि माझ्या विश्वासाचा पाया कोणी विचारला तर मी हेच सांगते.

एवढे वाचल्यावर आपल्या रोजच्या ख्रिस्ती जीवनाकडे पाहिले की काही गोष्टी खटकू लागतात. आपल्या प्रार्थनांत नवसाची भाषा मुरलेली आहे. मुलाला नोकरी लागू दे, पहिला पगार दानपेटीत टाकीन. ऑपरेशन नीट होऊ दे, घरी उपकारस्तुतीची सभा ठेवीन. अकरा महिन्यांच्या भाडेकरारासारखे हे बोलणे असते, ज्यात दोन्ही पक्ष आपापल्या अटी घालून सही करतात. बेथेलास अब्राहामाचा नातू याकोब याने हेच केले. देवाने त्याला स्वप्नात एकही अट न घालता सोबतीचे, रक्षणाचे आणि परत आणण्याचे वचन दिले होते, आणि जागा झाल्यावर याकोब म्हणतो, देव माझ्याबरोबर राहिला, मला खायला अन्न आणि ल्यायला वस्त्र दिले, तर परमेश्वर माझा देव होईल. देवाने त्या ‘तर’वरून त्याला सोडून दिले नाही, यात आपल्यालाही दिलासा आहे. पण वचन मिळालेच आहे हे कळल्यावरही सौदा करत राहणे म्हणजे वचन देणाऱ्याला ओळखले नाही, असाच त्याचा अर्थ होतो.

तसेच ३१ डिसेंबरच्या रात्री काढल्या जाणाऱ्या वचनांच्या चिठ्ठ्यांचे. नव्या वर्षासाठी एक वचन हाती घेऊन घरी जाण्यात गोडवा आहे आणि मीही ती चिठ्ठी बायबलमध्ये जपून ठेवते. त्यांत यिर्मया २९:११ बहुधा असतेच, तुमच्या हिताचे संकल्प मी जाणतो, असे सांगणारे. पण त्याच्या आधीचे वचन चिठ्ठीवर नसते, आणि त्यात सत्तर वर्षांचा उल्लेख आहे. हे पत्र बाबेलास पाडाव करून नेलेल्या लोकांना लिहिलेले होते. ते ऐकणाऱ्यांपैकी बहुतेकांना परतीची वाट दिसणार नव्हती. घरे बांधा, मळे लावा, ज्या नगरात तुम्हाला नेले आहे त्याच्या शांतीसाठी प्रार्थना करा, असे त्यांना सांगितले होते. करारातले वचन पिढ्या ओलांडून चालते, आणि आपण त्याची मुदत बारा महिन्यांवर आणून ठेवतो. याच्या तुलनेत जॉन वेस्ली यांनी १७५५ मध्ये लंडनमध्ये सुरू केलेली कराराच्या नूतनीकरणाची उपासना मला अधिक खरी वाटते. मेथडिस्ट परंपरेत ती नववर्षाच्या सुमारास होते आणि तिच्यात माणूस काहीही मागत नाही, स्वतःला पुन्हा एकदा देवाच्या स्वाधीन करतो.

माणसांमधले करारही याच कसोटीवर घासून पाहावे लागतात. योनाथान दावीदाशी करार करतो तेव्हा तो राजा शौलाचा मुलगा, राजपुत्र असतो आणि दावीद मेंढपाळाचा पोर. पुढे दावीद राजा होतो, योनाथान युद्धात पडलेला असतो, आणि तेव्हा दावीद विचारतो की शौलाच्या घराण्यातले कोणी उरले आहे का, म्हणजे मी योनाथानासाठी त्याच्यावर दया करीन. लो-दबारात माखीराच्या घरी राहणारा, दोन्ही पायांनी लंगडा, योनाथानाचा मुलगा मफीबोशेथ सापडतो. शत्रूच्या राजघराण्याचा वारस म्हणून त्याला मरणाची भीती होती. त्याला मिळते ती आजोबांची जमीन आणि राजाच्या पंक्तीला कायमची जागा. मलाखी संदेष्टा पत्नीला ‘कराराची पत्नी’ म्हणतो, तेही अशाच रोखाने, कारण त्या काळी टाकली जाणारी बाजू दुबळी होती. आपल्याकडे लग्नाच्या उपासनेत पाळक जी वचने वदवून घेतात, त्यांचा उपयोग पुढे जेव्हा छळ सोसणाऱ्या बाईला गप्प बसवण्यासाठी होतो, तेव्हा करार उलटा वाचला जात असतो. शब्द मोडणाऱ्याला जाब विचारायचा सोडून, ज्याच्यावर अन्याय झाला त्यालाच कराराची आठवण करून देणे, हे सिद्कीयाच्या सरदारांचे वागणे आहे. करिंथच्या मंडळीलाही पौलाने याचसाठी फैलावर घेतले. प्रभुभोजनाला सधन लोक आधी येऊन खात-पीत, आणि उशिरा येणारे गरीब उपाशी राहत. त्या मेजाला प्रभूचे भोजन म्हणताच येणार नाही, असे तो लिहितो, आणि प्याल्याविषयीचे येशूचे शब्द उद्धृत करतो ते या भांडणाच्या संदर्भात.

आमच्या मंडळीतल्या एका आजींना आता काही आठवत नाही. घरच्यांची नावे गेली, येशूचे नावही कधी आठवते, कधी नाही. पाळक महिन्यातून एकदा त्यांच्या घरी प्रभुभोजन घेऊन जातात; भाकरीचा तुकडा द्राक्षारसात भिजवून मुलीने भरवावा लागतो. कोणीतरी काळजीने विचारले होते, की त्यांना कळत नसताना हे द्यावे का? मला त्या प्रश्नावर उत्पत्ती पंधरापेक्षा चांगले उत्तर ठाऊक नाही. तान्ह्या बाळाचा बाप्तिस्मा करावा की नाही, यावर आपल्या मंडळ्यांमध्ये मतभेद आहेत आणि दोन्ही बाजूंनी प्रामाणिक माणसे आहेत. पण झोपलेल्या अब्रामाशी देवाने करार केला, एवढे दोन्ही बाजूंना मान्य करावे लागते.

राहिला तो प्रसंग, जेव्हा करार पाळणाऱ्याच्या घरावरच आभाळ कोसळते. एकोणनव्वदावे स्तोत्र वाचावे. पहिल्या सदतीस वचनांत दावीदाशी केलेल्या कराराची स्तुती आहे: त्याची संतती सर्वकाळ टिकेल, त्याचे राजासन सूर्यासारखे राहील. अडतिसाव्या वचनापासून सूर बदलतो आणि स्तोत्रकर्ता देवालाच सुनावतो की तू आपल्या सेवकाचा करार अवमानलास, त्याचा मुकुट धुळीत टाकलास, तुझी पूर्वीची वात्सल्ये कुठे गेली? शेवटपर्यंत त्याला उत्तर मिळत नाही. बावन्नावे वचन स्तुतीचे आहे, पण ते स्तोत्रसंहितेच्या तिसऱ्या भागाच्या समाप्तीचे वचन आहे. स्तोत्राचे स्वतःचे बोलणे एक्कावन्नाव्या वचनात, शत्रूंच्या निंदेपाशी थांबते. असे बोलण्याचा अधिकार करारानेच दिलेला आहे, कारण ज्याने शब्द दिला त्यालाच शब्दाची आठवण करून देता येते. म्हणून ज्यांच्या घरी अकाली मृत्यू झाला आहे त्यांना भेटायला जाताना मी सांत्वनाच्या वचनांची यादी नेत नाही. हे स्तोत्र नेते, आणि त्यांची इच्छा असेल तर अडतिसाव्या वचनापासून वाचते.